परदेशी निघालेल्या मुलाचे बँकखाते



तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत मी बरीच वर्षे मॅनेजर होतो. आता निवृत्त आहे. आज तुमच्याशी जे बोलायचे आहे त्याची सुरुवात मला माझ्या एका चुकीपासून करावी लागणार आहे. ती चूक झाली नसती तर या विषयाकडे मी कधी वळलोच नसतो.

काही वर्षांपूर्वीची, आषाढातली गोष्ट. एक ऊसवाले शेतकरी आपल्या मुलीला घेऊन बँकेत आले. सोबत त्यांच्या गावच्या हायस्कुलातले मास्तर होते. मुलगी शेतकी पदवीधर. इंग्लंडातल्या एका विद्यापीठात तिला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायचे होते. मास्तर म्हणाले, “साहेब, एवढी रक्कम यांच्या खात्यावर आहे असा एक दाखला द्या, म्हणजे व्हिसाचं काम होईल.” रक्कम खरोखरच खात्यावर होती. अकरा दिवसांपूर्वी गावच्या पतसंस्थेतली ठेव मोडून त्यांनी ती आमच्याकडे भरली होती. मी मोठ्या तत्परतेने बँकेच्या कागदावर दाखला टाईप करवून घेतला, सही-शिक्का केला आणि वर चहाही पाजला. आपल्या भागातली मुलगी विलायतेला चालली याचा आनंद होताच.

महिना-सव्वा महिन्याने ते गृहस्थ एकटेच आले. हातात नकाराचे पत्र होते. खात्यावर पैसे नाहीत असे त्या पत्रात कुठेही म्हटले नव्हते. म्हटले होते ते इतकेच, की ही रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यावर होती याचा पुरावा अर्जदाराने दिलेला नाही. व्हिसाची फी गेली. त्या सालचा प्रवेश गेला. ते फक्त एवढेच म्हणाले, “साहेब, पैसा तर होता की हो!” त्यावर मला उत्तर सुचले नाही. अठ्ठावीस दिवसांचा नियम मला ठाऊक नव्हता, आणि दाखला कशासाठी हवा, त्यात काय काय असावे लागते, हे विचारण्याची तसदीही मी घेतली नव्हती.

तेव्हापासून या नियमांचा मी नाद घेतला. आज आपल्याकडे बागायती गावांतूनच नव्हे, तर कोरडवाहू गावांतूनही मुले परदेशी निघतात. पालकांना वाटते, पैसे जमवले की झाले. तेवढ्याने होत नाही. व्हिसाच्या कचेरीतला माणूस रक्कम तर पाहतोच, पण ती कोणाच्या नावावर आहे, कोणत्या ठिकाणी आहे आणि किती दिवसांची आहे, हेही पाहतो. बैल घेताना आपण नुसते अंग पाहत नाही, तोंड उघडून दात मोजतो. तसेच हे. एका दिवसापुरते बारा लाख रुपये कोणीही कोणाकडून आणून खात्यावर टाकू शकतो. महिनाभर ते तिथेच राहू देणे जड जाते. त्या देशाला खात्री हवी असते, की हा मुलगा तिथे गेल्यावर उपाशी राहणार नाही आणि शिक्षण सोडून पोटामागे धावणार नाही. ती खात्री तो देश पैशाच्या वयावरून करून घेतो.

इंग्लंडचा हिशेब आधी सांगतो. विद्यापीठाची पहिल्या वर्षाची जी फी भरायची बाकी असेल ती, आणि शिवाय राहण्याजेवण्याचा खर्च, एवढे पैसे दाखवावे लागतात. हा खर्च ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडन शहरात दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा धरला आहे. जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. लंडनबाहेरचा आकडा नवाने गुणला तर १०,५३९ पौंड होतात. पौंडाचा भाव १२० रुपये धरला, तर ही रक्कम साडेबारा लाखांच्या पुढे जाते. फी वेगळी. हे आकडे सरकार वाढवत असते, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या स्वतःच्या पत्रकात ते पुन्हा पाहून घ्यावेत. शेजारच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी काय भरले होते, यावर जाऊ नये.

आता ते अठ्ठावीस दिवस. समजा, तुमच्या खात्याचा उतारा १५ जुलैला संपतो. तर मागे मोजत जायचे: १८ जून ते १५ जुलै, दोन्ही दिवस धरून अठ्ठावीस. या प्रत्येक दिवशी शिल्लक ठरलेल्या आकड्याच्या खाली जाता कामा नये. सरासरी चालत नाही. सत्तावीस दिवस वीस लाख आणि एक दिवस अकरा लाख, असे झाले की मोजणी मोडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि उतारा संपल्यापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज पडला पाहिजे, म्हणजे या उदाहरणात स्वातंत्र्यदिनाच्या आधी.

आपल्याकडे ही मोजणी मोडते ती फार साध्या कारणांनी. जून महिना म्हणजे पेरणीचा. बी-बियाणे, खते, ट्रॅक्टरवाल्याचे भाडे. घरातला कोणीतरी एटीएमला जाऊन दहा हजार काढतो आणि त्याला काहीच गैर वाटत नाही. कधी कर्जाचा हप्ता आपोआप वळता होतो. जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात; एवढ्याशा रकमेनेही काठोकाठ ठेवलेली शिल्लक खाली जाऊ शकते. शिवाय रुपयांचे पौंड करताना अर्जाच्या दिवशीचा भाव धरतात. जूनमध्ये पुरेशी असलेली रक्कम जुलैत रुपया घसरला की अपुरी ठरते. म्हणून माझे सांगणे असे, की लागेल त्याच्यापेक्षा लाख-सव्वा लाख जास्तच ठेवावेत, आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड महिनाभर आईच्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवावे. घरखर्चाला दुसरे खाते असू द्यावे.

पुढचा प्रश्न, खाते कोणाचे? एकत्र कुटुंबात आपण म्हणतो, थोरल्या काकांचा पैसा तो आपलाच पैसा. इंग्लंडच्या विद्यार्थी-व्हिसाला हे मान्य नाही. खाते मुलाचे स्वतःचे हवे, किंवा आईवडिलांचे. आईवडील नसतील तर कायदेशीर पालकाचे. काकांची, मामांची, दाजींची शिल्लक कितीही मोठी असली तरी मोजत नाहीत. काकांना मदत करायचीच असेल तर त्यांनी ती रक्कम चेकने मुलाच्या किंवा वडिलांच्या खात्यावर आधीच वळती करावी, दोन ओळींचे बक्षीसपत्र लिहून द्यावे, आणि मग त्या दिवसापासून अठ्ठावीस मोजावेत.

वडिलांचे खाते दाखवायचे तर दोन कागद आणखी लागतात. एक, मुलाचा जन्मदाखला, म्हणजे बाप-लेकाचे नाते सिद्ध होते. आणि दुसरा, माझे पैसे याच्या शिक्षणाला वापरावेत असे वडिलांचे संमतिपत्र. इथे शिक्षक बंधुभगिनींना मुद्दाम विनंती आहे. शाळा सोडल्याचा दाखला जन्मदाखल्याच्या जागी चालत नाही. आणि आपल्याकडे नावांचा घोळ किती असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सातबाऱ्यावर ज्ञानदेव, बँकेत ज्ञानेश्वर, आधार कार्डावर नुसताच डी, आणि गावात सगळे बाळूतात्या म्हणून ओळखतात. व्हिसाच्या कचेरीला ही चार माणसे वाटतात. मूल दहावीला असतानाच त्याच्या आईवडिलांची नावे जन्मदाखल्यात, पासपोर्टात आणि बँकेत एकसारखी आहेत ना, हे वर्गशिक्षकाने एकदा पाहिले, तर पुढची पाच-सहा वर्षे निवांत मिळतात दुरुस्तीला. ऐन जुलैत ग्रामपंचायत, तहसील आणि बँक अशा तीन कचेऱ्यांच्या फेऱ्या घालणारे बाप मी पाहिले आहेत.

आता ठिकाण. माझ्या त्या चुकीचे मूळ इथेच होते. त्या शेतकऱ्याचे पैसे वर्षभर जागेवरच होते, पण पतसंस्थेत. आपल्या खेड्यापाड्यांतून पतसंस्थांनी मोठे काम केले आहे. त्यांचा पिग्मी एजंट दारात येऊन रोजची बचत गोळा करतो. पण कायद्याने पतसंस्था ही बँक नव्हे. महाराष्ट्रात ती १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली, सहकार खात्याच्या देखरेखीत चालते. रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. ब्रिटिश नियम असा आहे, की पैसे ठेवलेली संस्था त्या देशातल्या बँक-नियंत्रकाच्या ताब्यातली असावी, तिचे हिशेब संगणकावर असावेत आणि त्यांना हवी तेव्हा तिच्याकडे चौकशी करता यावी. यातली एकही गोष्ट कमी पडली तर त्या शिलकेकडे पाहतसुद्धा नाहीत. तेव्हा पतसंस्थेतली ठेव कितीही जुनी असली तरी व्हिसाच्या हिशेबी तिचे वय शून्य. ती बँकेत आली, की त्या दिवशी जन्मली.

मग जिल्हा बँक आणि नागरी सहकारी बँका? त्या बँकाच आहेत, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात आहेत; नियमाने त्यांना अडसर नाही. तरी खाते निवडण्याआधी शाखेत जाऊन तीन गोष्टी पाहून याव्यात. इंग्रजीत छापील खातेउतारा मिळतो का, ज्यावर बँकेचे नाव आणि चिन्ह, खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि रोजचे व्यवहार दिसतील. दाखल्यावर शाखेचा फोन आणि ईमेल असतो का. आणि परदेशातून चौकशीचा ईमेल आला तर त्याला उत्तर देणारे कोणी आहे का. हाताने भरलेले पासबुक घेऊन कोणी इंग्लंडचा व्हिसा मागू नये. ही सोय जिथे असेल ती बँक चांगली. पाटी राष्ट्रीयीकृत बँकेची की सहकारी, हा त्यानंतरचा प्रश्न.

रक्कम मोठी असते म्हणून आणखी एक ध्यानात ठेवावे. आपल्या देशात बँक ठेवींचा विमा १९६२ सालापासून आहे. तेव्हा मर्यादा दीड हजार रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख रुपये झाली आहे. सहकारी बँकांना हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. बारा-तेरा लाख एकाच छोट्या बँकेत ठेवायला जीव धजत नसेल तर वडिलांच्या एका बँकेत आणि आईच्या दुसऱ्या बँकेत अशी वाटणी करता येते, बेरीज मोजतात. मात्र दोन्ही उतारे एकाच तारखेपर्यंतचे घ्यावेत आणि दोन्ही खात्यांतून त्या दिवसांत एक पैसाही काढू नये.

खात्याचा प्रकार विचाराल तर मी साधे बचत खातेच सांगेन. बँका मुदत ठेवीचा आग्रह करतील, मीही केला असता. बचत खात्याचे व्याज हल्ली मोठ्या बँकांतून अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, मुदत ठेवीला त्याहून बरेच जास्त. फरक चार टक्के धरला, तरी तेरा लाखांवर महिन्याला चार-साडेचार हजारांचे नुकसान होते. एवढे सोसावे. मुदत ठेव चालत नाही असे नाही. पण ती मुदतीआधी मोडता येते, असे बँकेने लिहून द्यावे लागते. कर वाचवण्यासाठी घेतलेली पाच वर्षांची ठेव मोडता येत नाही, म्हणून ती बाद. पोस्टाची राष्ट्रीय बचतपत्रेही पाच वर्षे हात लावू देत नाहीत. शेअर आणि भविष्य निर्वाह निधीही इंग्लंडच्या हिशेबात धरत नाहीत. सोने तर नाहीच नाही.

एक फसवे खाते मात्र मुद्दाम सांगतो. काही बँकांत अशी सोय असते, की बचत खात्यावर पंचवीस-तीस हजारांच्या वर गेलेली रक्कम आपोआप ठेवीत वळते आणि लागेल तेव्हा आपोआप परत येते. सोय उत्तम आहे. पण उताऱ्यात बचत खात्याची शिल्लक पंचवीस हजारच दिसते! बाकीचे बारा लाख दुसऱ्याच पानावर असतात, नाहीतर कोणत्याच पानावर नसतात. तुमच्या खात्याला ही जोड लावली आहे का, हे मॅनेजरला विचारा, आणि असेल तर त्या काळापुरती काढून घ्या.

पैसा कुठून आला, हेही विचारले जाऊ शकते. नोकरदाराच्या खात्यावर दरमहा पगार जमा होतो, ते समजायला सोपे. आपला पैसा हंगामी. वर्षभर खाते कोरडे, आणि मग एकदम ऊसबिल येते, किंवा कांद्याची पट्टी लागते. परक्या माणसाला ते संशयास्पद वाटू शकते. त्यात शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरमुक्त, म्हणून विवरणपत्रही भरलेले नसते. तेव्हा कारखान्याचे बिल, बाजार समितीतली हिशेबपट्टी, सातबारा, जमीन विकली असेल तर नोंदणी झालेले खरेदीखत, हे सारे एका फायलीत लावून त्यांचा इंग्रजी तर्जुमा करून ठेवावा. आणि रोख भरू नये. अडत्याने रोख देऊ केली तरी चेक किंवा खात्यावरच मागावी. रोख भरलेल्या पैशाला आईबाप नसतात.

याच जागी काही एजंट शिरतात. “पैसे नाहीत? काळजी नको, आम्ही महिनाभर तुमच्या खात्यावर टाकतो, शेकडा इतके द्या.” कोणी तर बँकेचे बनावट उतारेही छापून देतात. पोरगा चांगला, प्रवेश खरा, आणि बाप गरजेत सापडलेला. त्याला हे पुण्याचे काम वाटते. पण इंग्लंडच्या अर्जात फसवणूक उघड झाली तर दहा वर्षे त्या देशाचे दार बंद होऊ शकते. एजंट नव्या नावाची पाटी लावतो. मुलाचे नाव तर बदलत नाही.

पैसे खरोखरच कमी असतील तर शैक्षणिक कर्जाचा रस्ता सरळ आहे. मान्य शैक्षणिक योजनेखाली नियंत्रित बँकेने मुलाच्या नावे दिलेले मंजुरीपत्र असेल, तर इंग्लंडला अठ्ठावीस दिवसांची अट लागत नाही. पत्र सहा महिन्यांहून जुने नको, एवढेच. अडचण आपल्या बाजूला येते. मोठ्या कर्जाला तारण लागते आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. याचे कारण मॅनेजरचा हेकटपणा नव्हे. थकलेल्या कर्जाचे तारण कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा जो २००२ सालचा कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या जमिनीला ते संरक्षण आहे, आणि त्याच्या मुलाच्या कर्जाला तीच आडकाठी होते. दहा एकर बागायत असलेल्या माणसाला कर्ज नाकारावे लागते आणि तालुक्याला दोन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट असलेल्याला मिळते. मला हे कधी न्याय्य वाटले नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे. घराची जागा बिनशेती असेल तर तिचे कागद आधीच नीट करून घ्यावेत.

इतका वेळ इंग्लंडवर घालवला, कारण तिथले नियम सर्वांत काटेकोर लिहिलेले आहेत आणि आपले पैसे आपल्याच खात्यात ठेवून दाखवायचे असल्याने आपल्याच हातून चुका होतात. जर्मनीची रीत निराळी. तिथे आपल्याकडच्या बचत खात्याचा उतारा दाखवून सहसा भागत नाही. मुलाच्या नावाने तिकडचे एक बंद खाते उघडायचे, त्यांच्या भाषेत श्पेरकोंटो, आणि वर्षाचा खर्च आगाऊ त्यात भरायचा. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी हा आकडा ११,९०४ युरो आहे. युरो १०० रुपये धरला तर बारा लाखांच्या घरात. मुलगा तिथे पोचला, त्याने तिथे साधे खाते उघडले, की दरमहा ९९२ युरो त्यात सोडतात, जास्त नाही. सालगड्याला वर्षाची ज्वारी एकदम न देता महिन्याच्या महिन्याला मोजून द्यावी, तशातला हा प्रकार. व्हिसा मिळाला नाही तर शुल्क वजा जाता रक्कम परत येते. जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाने तिथल्या सरकारी कचेरीत लेखी हमी दिली तरी चालते. म्हणजे इंग्लंडला न चालणारे काका इथे चालतात, पण ते जर्मनीत राहणारे हवेत.

या रीतीत पैशाचे वय महत्त्वाचे राहत नाही, पण तो परदेशी पोचवणे आपल्याला करावे लागते. प्रत्येक शाखेत परकी चलनाचे काम होत नाही. पॅन कार्ड लागते, अर्ज भरावा लागतो, आणि खेड्यातल्या शाखेतून तो जिल्ह्याच्या शाखेकडे जातो. रिझर्व्ह बँकेची मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची आहे, ती आपल्याला पुरून उरते. वेळ मात्र पुरत नाही. भारतातून रक्कम जाऊन तिकडचा दाखला हातात पडेपर्यंतचे दिवस धरूनच व्हिसाची तारीख घ्यावी.

कॅनडाला एकट्या विद्यार्थ्याने, क्वेबेक प्रांत सोडून, फी आणि प्रवासखर्चाव्यतिरिक्त २२,८९५ कॅनडी डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासूनचा. तिथल्या मान्य बँकेत आगाऊ ठेव करावी, मुलगा पोचल्यावर काही रक्कम आणि बाकीची हप्त्याने मिळते. किंवा इकडच्या खात्याचा चार महिन्यांचा उतारा द्यावा. चार महिने म्हणजे एक सबंध हंगाम.

परदेशी राहायला जाणारे सगळे विद्यार्थीच असतात असेही नाही. थायलंडमध्ये पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून राहता येते. त्यासाठीचा एक मार्ग म्हणजे तिथल्याच बँकेत स्वतःच्या एकट्याच्या नावावर आठ लाख बाट ठेवणे. २०१९ पासूनचा नियम असा, की अर्जाआधी दोन महिने आणि परवानगी मिळाल्यावर तीन महिने ही रक्कम अबाधित राहिली पाहिजे, आणि पुढे वर्षभर ती चार लाखांखाली जाता कामा नये. म्हणजे तिथे पैशाचे मागचे वय पाहतात आणि पुढचेही. नवराबायकोच्या जोडखात्याची आपली लाडकी पद्धत तिथे आड येते. आपल्याकडचे फार लोक तिकडे राहायला जातात असे नाही, पण नियम कुठल्या दिशेने विचार करतात ते यावरून कळते.

आता मुलगा गेला, तिथे रुळला. इकडच्या खात्याचे काय? बहुतेक घरी ते तसेच चालू राहते. हे बरोबर नाही. शिक्षणासाठी परदेशी गेलेले विद्यार्थी परकी चलन कायद्याखाली अनिवासी समजावेत, हे रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच स्पष्ट केले आहे. म्हणून मुलाच्या नावाचे साधे बचत खाते बँकेला कळवून एनआरओ प्रकारात बदलून घ्यावे लागते. पुढे तो कमावू लागला आणि तिकडची कमाई इकडे पाठवू लागला, तर त्यासाठी एनआरई खाते वेगळे उघडावे. त्यातली रक्कम पुन्हा परदेशी नेता येते आणि त्याच्या व्याजावर इथे प्राप्तिकर नाही. एनआरओ खात्याच्या व्याजावर मात्र बँक उगमापाशीच कर कापते. ज्या खात्यात मुलाचे नाव दुसरे म्हणून आहे, त्याचीही चौकशी करावी. हे कोणी सांगत नाही, कारण शाखेत नेहमी येतात ते वडील, आणि वडील इथलेच रहिवासी असतात.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीला विद्यापीठाने पुढच्या वर्षी पुन्हा घेतले. या खेपेला ऊसबिल मार्चमध्ये आले तसे थेट आमच्या शाखेत जमा करवले. मे महिन्यात तिच्या वडिलांना घेऊन बसलो, कॅलेंडरवर अठ्ठावीस दिवसांभोवती तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली, आणि तेवढ्या दिवसांत खताचे पैसे सोसायटीकडून उधार घ्यायला लावले. उतारा मी स्वतः ओळीओळीने तपासला. व्हिसा सतरा दिवसांत आला. ती आता तिकडेच नोकरी करते. गेल्या दिवाळीत तिचे वडील बाजारात भेटले, तेव्हा मी विचारले, “तुमच्या त्या खात्यावर पोरीचं नाव दुसरं म्हणून अजून आहे का हो?” ते म्हणाले, “आहे की. का?” येत्या सोमवारी ते पासबुक घेऊन माझ्याकडे यायचे आहेत, मग आम्ही दोघे मिळून शाखेत जाणार आहोत.